पवनचक्कीचं पातं डिझाइन करायचंय, तर शिकायचं काय?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फ्लुइड मेकॅनिक्स माझा सर्वांत आवडता विषय. मला पवनचक्कीची पाती डिझाइन करायची आहेत, म्हणून पुढे एअरोडायनॅमिक्समध्येच मास्टर्स करायचं ठरवलंय. कंपोझिट मटेरियल्सचा ऐच्छिक विषय सोडला तर चालेल का? बाबांना वाटतं, हे क्षेत्र फार अरुंद आहे.

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

कंपोझिटचा, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनणाऱ्या साहित्याचा, विषय सोडू नकोस. तुझं पत्र वाचताना मला सर्वांत जास्त काळजी त्याच ओळीची वाटली.

वाऱ्याची ओढ लागलेले विद्यार्थी पात्याकडे बाहेरून बघतात. बाहेरचा आकार सुंदर असतो, यात वादच नाही. पण हिशेब मांडून बघ. वाऱ्यातली जास्तीत जास्त 59.3 टक्के ऊर्जा रोटर, म्हणजे पात्यांचं फिरणारं चक्र, काढून घेऊ शकतो, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ बेट्झ यांनी 1919 मध्येच दाखवून दिलं. आजचे चांगले रोटर 50 टक्क्यांच्या आसपास पोहोचलेत. म्हणजे नुसता आकार घोटून मिळण्यासारखं थोडंच उरलंय. टर्बाइनची ताकद वाढत गेली ती मुख्यतः पाती लांब होत गेली म्हणून. आणि पातं लांब झालं की खरा प्रश्न वजनाचा होतो.

लांबी दुप्पट केली तर रोटरचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण तोच आकार जसाच्या तसा मोठा केला तर वजन आठपट होतं. अभ्यासासाठी खुली असलेली दोन संदर्भ टर्बाइन्स घे. अमेरिकेच्या नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरीने 2009 मध्ये मांडलेल्या 5 मेगावॅटच्या टर्बाइनचं पातं 61.5 मीटर लांब आणि सुमारे 17.7 टन वजनाचं आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पवनऊर्जा प्रकल्पातून 2020 मध्ये आलेल्या 15 मेगावॅटच्या टर्बाइनचं पातं 117 मीटरचं. घनाच्या नियमाने ते 120 टनांच्या वर जायला हवं होतं. प्रत्यक्षात ते सुमारे 65 टनांचं आहे. ही जवळपास निम्मी बचत कुठून आली, हे शोधणं म्हणजेच ब्लेड डिझाइन.

त्यातला मोठा वाटा पात्याच्या पोटातल्या तुळईचा. वरच्या आणि खालच्या सालीत लांबीभर तंतूंचे जाड पट्टे असतात, त्यांना स्पार कॅप म्हणतात. मोठ्या पात्यात तिथे काचतंतूंऐवजी कार्बन तंतू वापरतात. दोन पट्ट्यांमधलं अंतर दुप्पट केलं की तेवढ्याच मालात ताठरपणा सुमारे चौपट होतो. म्हणून स्ट्रक्चरवाल्याला पात्याचा आडवा छेद जाड हवा असतो आणि एअरोडायनॅमिक्सवाल्याला सहसा सडपातळ. पात्याचा प्रत्येक मीटर या दोघांच्या तडजोडीतून ठरतो. बुंध्याशी, म्हणजे पातं रोटरच्या मध्याला जोडतात तिथे, तर वारा सपशेल हरतो. तिथे पातं जवळजवळ गोल नळीसारखं असतं, कारण तिथे बोल्ट बसवायचे असतात आणि सगळा वाक झेलायचा असतो. तू एकाच बाजूची भाषा शिकलीस, तर या बोलाचालीत तुझी बाजू नेहमी अर्धीच राहील.

थकवा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाकून साहित्य कमजोर होणं, हा विषय तर मनापासून शिक. 1941 मध्ये अमेरिकेत व्हरमाँटच्या एका डोंगरावर 1.25 मेगावॅटची स्मिथ-पटनम टर्बाइन उभी राहिली. रोटरचा व्यास 53 मीटर, दोन पाती, दोन्ही पोलादी. 1945 मध्ये एक पातं बुंध्याजवळ तुटून उडालं. तिथली कमजोरी आधीच लक्षात आली होती, पण युद्धकाळातल्या टंचाईमुळे दुरुस्ती राहून गेली होती. आज मोठं पातं मिनिटाला 10 फेऱ्यांनी अखंड फिरतं असं धरलं, तर 20 वर्षांत 10 कोटींहून जास्त फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत त्याचं स्वतःचं वजन त्याला एकदा इकडे, एकदा तिकडे वाकवतं. म्हणूनच नव्या पात्याचा नमुना बुंध्याशी जखडून महिनोन्‌महिने झुलवतात आणि तडा कुठे जातो ते बघतात. अशा चाचणी केंद्रात इंटर्नशिप मिळाली तर डोळे मिटून घे. डिझायनरच्या चुका तिथे उघड्या दिसतात.

आता या वर्षाचं काम. एक्सफॉइल, क्यूब्लेड, ओपनफास्ट ही पाती आणि टर्बाइनची गणितं करणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पण आधी ब्लेड एलिमेंट मोमेंटमचा, म्हणजे पात्याचे तुकडे पाडून प्रत्येकावरचं वाऱ्याचं बल काढण्याच्या पद्धतीचा, छोटा प्रोग्राम पायथनमध्ये स्वतः लिही, मगच तयार सॉफ्टवेअरला हात लाव. मग एक मीटरचं पातं बनव : साचा, काचतंतूंचं कापड, इपॉक्सी, व्हॅक्यूम पंप. हातमोजे आणि मास्क न घालता रेझिनजवळ जायचं नाही. पहिल्या पात्यात कापडाला सुरकुती पडेल, कुठेतरी रेझिन न पोहोचलेला कोरडा डाग राहील. पडू दे. कागदावर सरळ दिसणारा तंतू साच्यात का वाकडा होतो, हे बोटांना कळल्याशिवाय डिझाइन येत नाही.

मास्टर्ससाठी युरोपियन विंड एनर्जी मास्टर बघ. त्यात रोटर डिझाइनची वेगळी शाखा आहे आणि डेन्मार्कचं तांत्रिक विद्यापीठ व डेल्फ्टचं विद्यापीठ त्यात सहभागी आहेत. शुद्ध एअरोडायनॅमिक्सपेक्षा अशी जोडशाखा मी तुझ्यासाठी पसंत करेन.

बाबांची भीती अर्धी खरी आहे. पात्याचा बाह्य आकार ठरवणाऱ्यांच्या जागा थोड्याच असतात. पण स्ट्रक्चर, उत्पादन, चाचणी, दुरुस्ती ही सगळी कामं याच पात्याभोवती आहेत. टोकाचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या आसपास गेला की पावसाचे थेंबसुद्धा पुढची कड खरवडतात. त्यावरचं लेपन हाच एक अख्खा विषय आहे. जुन्या पात्यांचं काय करायचं, हा दुसरा. नेहमीचं रेझिन एकदा घट्ट झालं की वितळत नाही. सीमेन्स गमेसाने 2021 मध्ये सौम्य आम्लात सुटं होणाऱ्या रेझिनची पाती आणली, पण या वाटेवर अजून खूप काम बाकी आहे. शिवाय कंपोझिट येणाऱ्या माणसाला विमानं आणि बोटी बनवणारेही काम देतात. हे बाबांना सांग.

तुझं एक मीटरचं पातं तयार झालं की बुंधा शिकंज्यात धर आणि टोकाला वजनं टांग. मग मला दोनच आकडे कळव : तुझ्या गणिताने टोक किती मिलिमीटर वाकायला हवं होतं, आणि प्रत्यक्षात किती वाकलं. पुढचं पत्र आपण त्या फरकावर लिहू.