टीव्हीला साउंडबार ‘लावायचा’ की ‘जोडायचा’?

गोरेगावच्या एक बाई साउंडबारच्या (टीव्हीचा आवाज सुधारणाऱ्या लांबट स्पीकरच्या) माहितीपत्रकाचं मराठी करतायत. त्यांचा प्रश्न असा : घरात सगळे ‘टीव्हीला साउंडबार लाव’ म्हणतात, पण छापताना ‘जोडा’च हवं असा ऑफिसातल्या वरिष्ठांचा आग्रह आहे. ‘लावणे’ अशुद्ध आहे का?

मुळीच नाही. फक्त या बिचाऱ्या क्रियापदाच्या डोक्यावर कामं फार आहेत. ‘टीव्ही लाव’ म्हणजे चालू कर. ‘टीव्ही भिंतीला लाव’ म्हणजे टांग. ‘टीव्हीला साउंडबार लाव’ म्हणजे वायर घाल. ‘ला’ कुणाला चिकटलाय त्यावर सगळं ठरतं. बोलताना वस्तू समोर असते, त्यामुळे भागतं. छापील पानावर ‘टीव्ही आणि साउंडबार लावा’ असं आलं, तर वाचणारा दोन्हींची बटणं दाबून मोकळा होईल. ‘टीव्ही आणि साउंडबार जोडा’ यात तो घोळ नाही.

शिवाय ‘लावणे’ला मानपान कळतो. शर्टाला बटण लावतात, बटणाला शर्ट नाही. म्हणून साउंडबार टीव्हीला लागतो. पण घरात एव्ही रिसीव्हर, म्हणजे सगळ्या उपकरणांचं चित्र-आवाज एकत्र घेणारा डबा असेल, तर सेट-टॉप बॉक्स, प्लेअर सगळं त्याला, आणि तिथून एकच वायर टीव्हीकडे. आता ‘रिसीव्हरला टीव्ही लाव’ हे बरोबर असूनही कानाला उलटं वाटतं. ‘जोडणे’ला थोरलाधाकटा कोण, याच्याशी देणंघेणं नाही.

तेव्हा माझं मत : उपकरणं जोडा, केबल लावा. चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलला तर ‘खोचा’ अधिक नेमकं. लाल-पांढऱ्या आवाजाच्या आणि पिवळ्या चित्राच्या टोकांना मुंबईत सर्रास ‘पिन’ म्हणतात, तेही बिनधास्त छापा.

एक न विचारलेली गोष्ट. इनपुट-आउटपुटचं ‘आदान-प्रदान’ कृपा करून करू नका. वाचणाऱ्याला टीव्हीच्या पाठीवर, बॅटरीच्या उजेडात, तिथे छापलेलंच अक्षर शोधायचं असतं. त्यात २००९च्या एचडीएमआय १.४ या आवृत्तीत एआरसी (ऑडिओ रिटर्न चॅनल, म्हणजे आवाजाची परतीची वाट) आलं. ज्या पोर्टातून चित्र टीव्हीत येतं, त्यातूनच टीव्हीचा आवाज साउंडबारकडे उलट जातो. त्याला आदान म्हणणार की प्रदान? सरळ लिहा : ‘टीव्हीवर एआरसी छापलेल्या एचडीएमआय पोर्टात केबलचं एक टोक खोचा, दुसरं साउंडबारवरच्या एआरसी पोर्टात.’