नोकरी सोडू नकोस, रजा सांभाळ

हिंजवडीची नोकरी सोडून पूर्णवेळ बुद्धिबळ खेळू का, असं विचारलंस. माझं ऐकशील तर सोडू नकोस. लंडनमध्ये ट्रेडरची नोकरी करणाऱ्या ल्यूक मॅकशेनने २०१० मध्ये, पुढे जगज्जेता झालेल्या मॅग्नस कार्लसनला हरवलं होतं. बोट्विनिक तर इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९४८ ला जगज्जेता झाला, मग डॉक्टरेटच्या मागे लागून तीन वर्षं स्पर्धेत उतरलाच नाही. १९५१ ला किताबाच्या लढतीत आव्हानवीर ब्रॉन्स्टाइनविरुद्ध तेविसावा डाव जिंकला म्हणून १२-१२ अशी बरोबरी होऊन किताब कसाबसा राहिला. खेळण्यात खंड पडला की असं होतं, अगदी त्याच्यासारख्याचंही.

म्हणून रजा जपून वापर. ग्रँडमास्टर नॉर्मला, म्हणजे त्या किताबासाठी स्पर्धेत करून दाखवायच्या कामगिरीला, साधारण नऊ फेऱ्या लागतात, म्हणजे सलग आठवडाभर तरी सुट्टी हवी. आणि त्या दिवसांत ऑफिसचा फोन घ्यायचा नाही. मी एकदा रात्रपाळी करून सकाळी पटावर बसलो. हत्ती-प्याद्याचा जिंकलेला शेवट, घड्याळात चाळीस सेकंद, आणि राजा एक घर चुकीचा सरकवला. डाव बरोबरीत सुटला, अर्धा गुण गेला, अजून सलतो.

रोज पहाटे तासभर खऱ्या पटावर डावांचे शेवट (एंडगेम) सोडव. ओपनिंगचं रविवारी बघू. सकाळी सदाशिव पेठेत घरी ये, पट मांडून ठेवतो.