गावात काय सांगू, हा प्रश्न मुलीचा नाही

देवगडहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. नीटचे दोन प्रयत्न झाले, दोन हंगामांचं आंब्याचं उत्पन्न क्लासच्या फीत गेलं, आता मुलगी तिसऱ्यांदा बसायला तयार नाही आणि 'एक्स-रेचे व्हिडिओ काढायचं' खूळ तिने डोक्यात घेतलंय. 'टेक्निशियन झाली तर गावात काय सांगू? किरणांत काम करणाऱ्या मुलीला स्थळ कुठून यायचं?' असं तुम्ही विचारता. तिला विषय कुठला आवडतो, याबद्दल मात्र एक ओळ नाही. गुणांपेक्षा मला हेच जास्त खटकलं.

क्लासवर घातलेले पैसे हे मुलीच्या नावावरचं कर्ज नव्हे, की तिने डॉक्टर होऊनच ते फेडावं. दोन वर्षं ती त्याच पुस्तकांसमोर बसली आहे, आता पुरे. आणि गावाचं म्हणाल, तर फवारणीचा खर्च अंगावर येतो तेव्हा गाव विचारायला येतं का?

किरणं अंगात साठत जातात, हा समज आधी काढून टाका. पायाखालचं पेडल सोडलं की क्ष-किरण थांबतात, मागे काही उरत नाही. तंत्रज्ञापर्यंत पोचतात ते मुख्यतः रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले किरण. त्यासाठी शिशाचा एप्रन असतो, गळ्याला थायरॉइडचा पट्टा असतो, शिवाय चार पावलं मागे उभं राहिलं तरी मात्रा झपाट्याने घटते. अंगावर किती किरणं पडली हे मोजणारा टीएलडी बॅज ठरावीक मुदतीने तपासला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) आहे, आणि गरोदरपणात नियम आणखी कडक होतात. एडिसनचा मदतनीस क्लॅरन्स डॅली 1904 साली दगावला, तो कसलंही संरक्षण नसताना वर्षानुवर्षं हात किरणांत धरल्यामुळे.

पत्रातली कामाची गोष्ट तुम्ही ता. क. मध्ये ढकलली आहे. पक्षाघातानंतर आजोबांना जेवताना ठसका लागायचा, कोल्हापूरला एक्स-रेत उठून दिसणारं बेरियम मिसळलेला घास देऊन तपासणी झाली, आणि ते पडद्यावर पाहिल्यापासून ही मुलगी बदलली. बदलणारच! घशातून घास उतरायला सेकंदभर लागतो. सेकंदाला 30 चित्रं घेतली तर घोट श्वासनलिकेत निसटताना पकडता येतो. किरणं वाचवायला चित्रं कमी केली, तर नेमका तोच क्षण हुकू शकतो. तुम्ही ज्याला 'बटण दाबणं' म्हणता, ते हे. ग्लासगोच्या डॉ. जॉन मॅकिन्टायर यांनी बेडकाच्या पायाची अशी हलती चित्रं 1897 सालीच केली होती.

तिला एवढंच विचारा: मन कशात अडकलं, चित्रात की गिळण्यात? चित्रात असेल, तर मेडिकल इमेजिंगची पदवी आणि पुढे कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या एक्स-रेखाली तपासतात ती खोली. गिळण्यात असेल, तर बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी. आजोबांसारख्या रुग्णाला पुन्हा नीट गिळायला शिकवणारे वाचा-भाषा तज्ज्ञ याच पदवीतून तयार होतात. इंटर्नशिप धरून चार वर्षं, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत हा अभ्यासक्रम आहे. माझा कल याच्याकडे, पण ठरवायचं तिने.

'सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन' अशी पाटी लावलेल्या ठिकाणी मात्र एक रुपयाही भरू नका. संलग्नता कुठल्या विद्यापीठाची, इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात आणि कुठल्या मशीनवर, हे लेखी मागा. विचारायला तिला आत पाठवा, तुम्ही बाहेर बाकावर बसा.