एचसीजीची कुपी घेताना काय पाहावे?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. प्रकल्पात एलायझा पद्धतीने (प्रतिद्रव्ये, म्हणजे अँटिबॉडी वापरून) एचसीजी हे गर्भारपणातील संप्रेरक मोजायचे असून प्रमाणवक्रासाठी (ज्ञात मात्रांवरून नमुन्यातील मात्रा वाचण्याच्या आलेखासाठी) शुद्ध मानवी एचसीजी विकत घ्यायचे आहे. एका कुपीवर केवळ ‘शुद्धता ९८ टक्के’ असे छापले आहे. दुसरी महाग असून तिच्यावर प्रति मिलिग्रॅम आंतरराष्ट्रीय एककेही दिली आहेत. कोणती घ्यावी? उरलेले संप्रेरक घरच्या उलटणाऱ्या (रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या) म्हशीला टोचता येईल का?

— एक वाचक, चोपडा

उत्तर : महाग असली तरी दुसरी घ्यावी. एचसीजीचा रेणू ९२ अमिनो आम्लांची अल्फा आणि १४५ अमिनो आम्लांची बीटा अशा दोन उपघटकांचा बनलेला असतो आणि ते एकमेकांना सहसंयुज बंधाने जोडलेले नसतात. त्यामुळे नमुना एसडीएसमध्ये (प्रथिने उलगडणाऱ्या साबणासारख्या द्रव्यात) उकळून जेलवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) चालवला की अखंड संप्रेरकाचेही दोन पट्टे उमटतात आणि आधीच सुटे झालेल्या उपघटकांचेही तेच दोन पट्टे दिसतात. म्हणजे अशा जेलवर ठरवलेली ९८ टक्के शुद्धता ‘यात दुसरे प्रथिन फारसे नाही’ एवढेच सांगते. संप्रेरक शाबूत आहे की नाही, हे सांगत नाही. सुटे उपघटक एलएच-एचसीजी ग्राहीवर (पेशीवरील ज्या प्रथिनाला हे संप्रेरक जोडले जाते त्यावर) काम करत नाहीत, म्हणून जैविक सक्रियता स्वतंत्रपणे मोजावी लागते. उत्तम शुद्ध एचसीजीची सक्रियता प्रति मिलिग्रॅम १० हजार आंतरराष्ट्रीय एककांच्या आसपास असते. कुपीवर त्याच्या निम्म्याहून कमी आकडा असेल तर पुरवठादाराला कारण विचारावे. ती एकके जागतिक आरोग्य संघटनेच्या कोणत्या आंतरराष्ट्रीय मानकाशी जुळवली आहेत, हेही विश्लेषण-प्रमाणपत्रात पाहावे, कारण आपला प्रमाणवक्र त्याच आकड्यावर उभा राहणार आहे.

आणखी एक गोष्ट एलायझातील प्रतिद्रव्याची. अल्फा उपघटक एलएच, एफएसएच आणि टीएसएच या इतर संप्रेरकांतही तोच असतो, तेव्हा निदान एक प्रतिद्रव्य बीटावर बसणारे हवे.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे साठवणीची चिंता रास्त आहे. गोठवून वाळवलेली पूड थोडा काळ उष्णता सोसते, पण विरघळवलेले संप्रेरक सोसत नाही. बंद कुपी उणे २० अंशांना ठेवावी आणि उघडण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर हवेतील ओलावा पुडीत उतरतो. द्रावण एकदा वापरण्यापुरत्या लहान भागांत विभागून गोठवावे. पुन्हा पुन्हा वितळवू नये. अगदी विरळ द्रावणातील प्रथिन काचेला चिकटून कमी भरते, म्हणून त्यात थोडे अल्ब्युमिन घालतात. हे एचसीजी बहुधा गर्भवतींच्या लघवीतून काढलेले असते, त्यामुळे विषाणूंची चाचणी झालेली असली तरी हातमोजे हवेतच.

म्हशीला मात्र ते मुळीच टोचू नये. संशोधनाच्या कुपीतील द्रव्य निर्जंतुक किंवा ज्वरकारक (ताप आणणाऱ्या) घटकांपासून मुक्त असल्याची हमी कोणी देत नाही. जनावरांसाठी एचसीजीची परवानाप्राप्त इंजेक्शने वेगळी असतात. त्यांची मात्रा आणि वेळ पशुवैद्यकांनी जनावर तपासून ठरवायची असते, आणि म्हैस उलटण्याचे कारण दरवेळी संप्रेरकच असते असेही नाही.