चेंडूतली हवा आणि न लिहिलेली मापं

प्रश्न: नमस्कार बाई. मी मूळची सांगलीची, आता बोस्टनजवळ राहते. आमच्याकडे पाहुणे जमले आणि टॉम ब्रेडीचं नाव निघालं की वाद ठरलेला. नवरा म्हणतो, त्याला अडकवलं. त्याचा इंडियानापोलिसचा मित्र म्हणतो, चोर तो चोरच. २०१५च्या त्या सामन्यात चेंडूतली हवा खरंच काढली होती का? तुम्ही फिजिक्स शिकवलंय, तुम्हीच काय तो निकाल द्या.
– एक वाचक, मॅसॅच्युसेट्स

उत्तर: काढली असं सिद्ध झालेलं नाही. आणि ज्या पद्धतीनं मापं घेतली गेली, त्या पद्धतीनं ते सिद्ध होणं शक्यही नव्हतं. 'काढलीच नाही' असं मात्र मीही छातीठोकपणे सांगणार नाही.

इतर वाचकांसाठी प्रसंग थोडक्यात सांगते. १८ जानेवारी २०१५, फॉक्सबरोचं जिलेट स्टेडियम, अमेरिकन फुटबॉल. न्यू इंग्लंड पॅट्रियट्स विरुद्ध इंडियानापोलिस कोल्ट्स; जिंकणारा संघ 'सुपर बोल' या अंतिम सामन्यात जाणार. ब्रेडी हा पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू. या खेळात प्रत्येक संघ आपापले चेंडू वापरतो. पूर्वार्धात कोल्ट्सच्या डी'क्वेल जॅक्सननं ब्रेडीचा पास मधेच पकडला आणि तो चेंडू त्यांच्या माणसांच्या हाती गेला. पॅट्रियट्स चेंडूतली हवा कमी करतात, असा संशय कोल्ट्सना आधीपासूनच होता. नियमाप्रमाणे चेंडूत १२.५ ते १३.५ पीएसआय हवा लागते. पेट्रोल पंपावर टायरची हवा मोजतात तेच हे माप. मध्यंतरात पॅट्रियट्सचे ११ चेंडू मोजले, तर अकराच्या अकरा १२.५च्या खाली! दोनच दिवसांत बातमी फुटली की बहुतेक चेंडू तब्बल २ पीएसआयनं कमी होते. ती बातमी चुकीची होती, पण लोकांच्या डोक्यात तीच बसली.

आता गणित. सामन्याआधी चेंडू तपासले त्या पंचांच्या खोलीत तापमान साधारण २२ अंश सेल्सिअस, मैदानावर ९च्या आसपास, त्यात पाऊस. बंद चेंडूतली हवा गार झाली की दाब उतरणारच, हे अकरावीच्या मुलांनाही ठाऊक असतं. पण यात एक खाच आहे आणि सुरुवातीला भलेभले तिथेच फसले. गेज, म्हणजे हवा मोजायचं उपकरण, जो आकडा दाखवतो, तो वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त असलेला दाब. म्हणून गणित करण्याआधी वातावरणाचे १४.७ त्यात मिळवावे लागतात. १२.५ आणि १४.७ मिळून २७.२. त्याला २८२ केल्विननं गुणा, २९५नं भागा, २६ येतात. त्यातून १४.७ वजा करा, उरले ११.३. म्हणजे कुणी बोटही न लावता चेंडू १२.५ वरून ११.३ वर येतो. ते १४.७ मिळवायचे विसरलात, तर उत्तर १२च्या जवळ जातं आणि मग गेजवर ११ दिसले की चोरी झाल्यासारखी वाटते. चौकशीसाठी नेमलेल्या एक्स्पोनंट या संस्थेचं स्वतःचं गणितही ११.३२ ते ११.५२ असंच आलं होतं.

मग मोजलेले आकडे काय होते? मध्यंतरात दोन पंचांनी दोन गेजनी तेच ११ चेंडू मोजले. एका गेजची सरासरी ११.४९, दुसऱ्याची ११.११. पहिला आकडा गणितात चपखल बसतो, दुसरा बसत नाही. सगळं प्रकरण या दोन गेजवर येऊन थांबतं.

मुख्य पंच वॉल्ट अँडरसन यांच्याकडे हे दोन्ही गेज होते. एकावर विल्सन कंपनीचं बोधचिन्ह, त्याची सुई लांब आणि वाकडी. तो दुसऱ्यापेक्षा ०.३ ते ०.४५ पीएसआय जास्त दाखवायचा. सामन्याआधी चेंडू तपासताना यातला कोणता वापरला? अँडरसन यांच्या आठवणीप्रमाणे बोधचिन्हवाला. तसं असेल तर तुलना ११.४९शी करायला हवी आणि मग चोरी उरतच नाही. चौकशी करणारे वकील टेड वेल्स यांनी अँडरसन यांची बाकीची आठवण ग्राह्य धरली आणि नेमकी एवढीच बाजूला ठेवली. हे मला अजिबात पटलेलं नाही.

आठवणीवर विसंबायची वेळ का आली, तर सामन्याआधीची मापं कुणी कागदावर लिहिलीच नव्हती. मी आयुष्यभर मुलांची प्रॅक्टिकलची जर्नल्स तपासली. निरीक्षण तक्ता रिकामा, कोणतं उपकरण वापरलं त्याची नोंद नाही, शून्य त्रुटी काढलेली नाही आणि शेवटी निष्कर्ष मात्र ठळक अक्षरात, अशा जर्नलवर मी कधीच सही केली नाही. तिथे तर एका माणसाची अब्रू पणाला लागली होती.

कोल्ट्सचे चेंडू तर चारच मोजले, कारण मध्यंतराची वेळ संपली. तेही पॅट्रियट्सचे मोजून झाल्यावर, म्हणजे तोवर ते खोलीत ऊबेला होते. शिवाय त्यांची सुरुवातच १३ला होती. तरीही एका गेजवर त्या चारांपैकी तीन १२.५च्या खाली निघाले! त्यांना कुणी चोर म्हटलं नाही, आणि म्हणूही नये.

वेल्स यांचा अहवाल २४३ पानांचा आहे. त्याचा निष्कर्ष: गैरप्रकार झाला असण्याची शक्यता न झाल्यापेक्षा जास्त, आणि ब्रेडीला त्याची निदान सर्वसाधारण कल्पना असावी. एवढ्यावर ब्रेडीला ४ सामन्यांची बंदी, संघाला १० लाख डॉलर दंड, शिवाय नवे खेळाडू निवडण्याच्या दोन संधी गेल्या, त्यातली एक पहिल्या फेरीची.

तुमच्या पाहुण्यांना आणखी एक सांगा. मध्यंतरात पॅट्रियट्सच्या चेंडूंत पुन्हा नियमाप्रमाणे हवा भरली होती. तोवर पॅट्रियट्स १७–७नं पुढे होते. सामना त्यांनी ४५–७नं जिंकला.

प्रश्न: बाई, क्रिकेटमध्ये दोन्ही संघ एकाच चेंडूनं खेळतात. तिथे प्रत्येक संघाचे चेंडू वेगळे का?
– अकरावीतला विद्यार्थी, नांदेड

उत्तर: कारण तो चेंडू हातानं फेकायचा असतो आणि प्रत्येकाच्या पंजाची सवय वेगळी. आधी यजमान संघ चेंडू पुरवायचा. २००६ साली नियम बदलला, त्यासाठी ब्रेडी आणि पेटन मॅनिंग या दोन क्वार्टरबॅकनीच आग्रह धरला होता. ब्रेडीला मऊ चेंडू आवडे, ॲरन रॉजर्स या दुसऱ्या क्वार्टरबॅकला टणक. मऊ चेंडूवर पावसात बोटं नीट रुततात. लाथेनं मारायचे चेंडू मात्र वेगळे असतात आणि ते तेव्हा पंचांच्याच ताब्यात राहत. मग बाकीचेही त्यांच्याच ताब्यात ठेवले असते, तर हे प्रकरण उभंच राहिलं नसतं.

प्रश्न: आम्ही कोल्हापूरकर. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने बघत वाढलो. आपल्या फुटबॉलमध्येही हवेचा असा नियम आहे का?
– एक फुटबॉलवेडा, कोल्हापूर

उत्तर: आहे, पण बराच ऐसपैस. समुद्रसपाटीला ०.६ ते १.१ वातावरण, म्हणजे साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय. फॉक्सबरोमध्ये मोजलेला प्रत्येक आकडा या नियमात आरामात बसला असता. शिवाय तुमच्याकडे चेंडू दोघांत एकच. मऊ असला तर दोघांनाही मऊ.

प्रश्न: तुम्ही ब्रेडीची बाजू घेणार असाल तर विचारतो. निर्दोष माणूस फोन नष्ट करतो का? चेंडूंची पिशवी घेऊन पॅट्रियट्सचा कर्मचारी स्वच्छतागृहात कशाला जाईल? आणि सचिनवर आरोप झाला तेव्हा आपणही आकाशपाताळ एक केलंच होतं. चाहत्यांना आपला तो नेहमीच साव वाटतो.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तुमचे मुद्दे खरे आहेत. तो कर्मचारी पिशवीसकट १ मिनिट ४० सेकंद आत होता, हे कॅमेऱ्यात आहे. त्यानं काही महिन्यांपूर्वी एका मेसेजमध्ये स्वतःला 'हवा काढणारा' म्हटलं होतं. संघानं खुलासा केला की ते वजन कमी करण्याबद्दल होतं; तो खुलासा माझ्या गळी उतरत नाही. आणि चौकशी चालू असताना ब्रेडीनं फोन नष्ट करवला ते चूकच. जुने फोन मी असेच नष्ट करवतो, असं तो म्हणाला. म्हणत असेल, पण त्या दिवसांत फोन जपून ठेवायला हवा होता. २००७ साली याच संघाला प्रतिस्पर्ध्यांच्या खुणांचं चित्रण केल्याबद्दल शिक्षा झाली होती, त्यामुळे लोकांचा विश्वास आधीच उडालेला.

पण संशयाला कितीही जागा असली, तरी आधी गुन्हा घडला हे दाखवावं लागतं. हवा थंडीनंच गेली असेल, तर त्या मेसेजनं कशाचा पुरावा द्यायचा?

सचिनचं प्रकरण मला नीट आठवतं. नोव्हेंबर २००१, पोर्ट एलिझाबेथ. सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सहा भारतीय खेळाडूंना शिक्षा केली. सचिनला मानधनाच्या ७५ टक्के दंड आणि स्थगित ठेवलेली एका सामन्याची बंदी. मैदानावरच्या पंचांनी तक्रार केलेली नव्हती. टीव्हीवर सचिनचा अंगठा शिवणीवर दिसला, एवढंच. नंतर स्पष्ट झालं की ठपका पंचांना न विचारता चेंडू साफ केल्याचा होता. तेव्हा आपण भडकलो ते सचिन आपला म्हणून, हे मान्य. पण पंचांना काय दिसलं हे आधी विचारायला हवं होतं, ही मागणी रास्तच होती. बोस्टनवाल्यांची मागणीही तशीच रास्त आहे. उद्या कोल्ट्सवर असा आरोप झाला तर बोस्टनवाल्यांनी तीच मागणी करावी.

न्यायालयाचं म्हणाल, तर सप्टेंबर २०१५मध्ये न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी बंदी रद्द केली, आणि एप्रिल २०१६मध्ये वरच्या न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं ती पुन्हा लागू केली. 'न्यायालयात गुन्हा सिद्ध झाला' असं अनेक जण सांगतात. तसं झालेलं नाही. तिथे प्रश्न होता तो लीगचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, रॉजर गुडेल यांना करारानुसार अशी शिक्षा देण्याचा अधिकार आहे का, एवढाच. ब्रेडी २०१६च्या हंगामातले पहिले ४ सामने घरी बसला. फेब्रुवारी २०१७च्या सुपर बोलमध्ये अटलांटाविरुद्ध २८–३ असा मागे पडलेला त्याचा संघ ३४–२८नं जिंकला.

प्रश्न: मुलीला विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग करायचाय. घरी जमेल का?
– एक पालक, रत्नागिरी

उत्तर: जमेल. मी ठाण्यात स्वयंपाकघरातच केलाय. साधा फुटबॉल घ्या, सुईवाला गेज घ्या, १२पर्यंत हवा भरा. चेंडू फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि बाहेर काढल्याबरोबर मोजा. मला दहाच्या आसपास मिळाले. दर वेळी सुई घातली की थोडी हवा निसटते, तेव्हा उगाच पुन्हा पुन्हा मोजू नका. तुलनेसाठी दुसरा चेंडू खोलीतच ठेवा आणि तोही तितक्याच वेळा मोजा. मग पहिला चेंडू खोलीत परत तापू द्या आणि दर पाच मिनिटांनी खोलीचं तापमान आणि चेंडूतला दाब लिहीत जा. मात्र त्या पाच मिनिटांत सुई आतच राहू द्या. दोन गेज मिळाले तर उत्तमच, फक्त कोणता आकडा कुठल्या गेजचा ते तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहायला सांगा. मुलीचा तक्ता मला पाठवा, पुढच्या अंकात छापू.