होम रनवर न विसंबता घडलेली कारकीर्द: इचिरो सुझुकी

आपण विचारले आहे की, बेसबॉलमध्ये होम रन (चेंडू सीमेपलीकडे मारून मिळणारी धाव, जणू क्रिकेटमधील षटकार) हेच सर्वस्व असते का, आणि त्यावर न विसंबता कोणी व्यावसायिक खेळाडू खरोखर मोठा झाला आहे का. माझे उत्तर आहे इचिरो सुझुकी. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. नोकरीनिमित्त सिअ‍ॅटलला राहत असताना हा खेळ मला कळू लागला तो त्यांच्यामुळेच, त्यामुळे या उत्तरात थोडी आपुलकी डोकावली तर समजून घ्यावे.

इचिरो यांचा जन्म १९७३ सालचा, जपानमधील आइची प्रांतातला. ओरिक्स ब्लूवेव्ह या संघाने त्यांना घेतले खरे, परंतु उजवा पाय लंबकासारखा हलवून चेंडू मारण्याची त्यांची पद्धत सुरुवातीच्या प्रशिक्षकांना पसंत नव्हती आणि पहिली दोन वर्षे त्यांची बरीचशी दुय्यम संघातच गेली. १९९४ मध्ये आकिरा ओगी हे नवे व्यवस्थापक आले, त्यांनी ही पद्धत बदलायला न लावता त्यांना रोज खेळवले, आणि त्या मोसमात इचिरो यांनी १३० सामन्यांत २१० हिट (फलंदाज किमान पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या मार्गातील पहिल्या टप्प्यावर, सुरक्षित पोहोचतो असे फटके) मारले. एका मोसमात दोनशेचा टप्पा त्यापूर्वी जपानमध्ये कोणीही गाठलेला नव्हता. तेव्हापासून २००० पर्यंत सलग सात वर्षे त्यांच्या लीगमधील सर्वोत्तम फलंदाजी सरासरी त्यांचीच राहिली.

२००१ मध्ये ते सिअ‍ॅटल मरिनर्स या अमेरिकी संघाकडे आले. अमेरिकेतील वेगवान पिचरपुढे (म्हणजे गोलंदाजांपुढे) हा सडपातळ माणूस टिकेल का, अशी शंका अनेकांना होती. पहिल्याच वर्षी त्यांनी २४२ हिट मारले, ५६ बेस चोरले (म्हणजे फटका न लागताच धाव घेऊन पुढचा बेस गाठला) आणि सर्वोत्तम नवोदित व सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही किताब एकाच मोसमात मिळवले.

हे कसे साधले, ते क्रिकेटच्या भाषेत सांगतो. जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे, गेलेल्या साध्या चेंडूवर बहुतेक फलंदाज पहिल्या बेसवर बाद होतात, कारण बेसपर्यंतचे अंतर ९० फूट असते आणि फेक त्याआधी पोहोचते. इचिरो चेंडू फेकत उजव्या हाताने, पण फलंदाजी डावखुरी करत, आणि डावखुरा फलंदाज पहिल्या बेसला एक-दोन पावले जवळ उभा असतो. त्यातच बॅट फिरत असतानाच त्यांचे शरीर बेसच्या दिशेने झुकलेले असे, म्हणजे फटका आणि धाव ही एकच क्रिया होती. आपल्याकडच्या चोरट्या एकेरी धावेची ही पराकाष्ठा म्हणावी लागेल. प्रत्येक खेपेस उजव्या हातात बॅट पिचरसमोर उभी धरायची, डाव्या हाताने उजव्या खांद्यावरची बाही किंचित वर ओढायची आणि मगच सज्ज व्हायचे, हा त्यांचा क्रम मी स्टँडमधून इतक्या वेळा पाहिला आहे की तो अजूनही डोळ्यांसमोर येतो.

२००४ मध्ये त्यांनी २६२ हिट मारून अमेरिकी खेळाडू जॉर्ज सिस्लर यांचा १९२० पासूनचा एका मोसमातील २५७ हिटचा विक्रम मोडला. त्यांपैकी २२५ फटके एकेरी होते आणि होम रन अवघे आठ. सिस्लर यांच्या काळी मोसम १५४ सामन्यांचा होता आणि आता १६२ सामन्यांचा असतो, हा आक्षेप रास्त आहे; तरीही २५७ चा आकडा चौऱ्याऐंशी वर्षे कोणाच्याच हाती लागला नव्हता, हेही विसरता येत नाही. विक्रम मोडल्यावर खेळ थांबला असताना ते प्रेक्षकांत बसलेल्या सिस्लर कुटुंबीयांकडे चालत गेले आणि त्यांच्याशी हस्तांदोलन केले. विक्रमापेक्षा मला त्यांची ती काही पावले अधिक मोलाची वाटतात.

पुढे ते न्यूयॉर्क यांकीज आणि मायामी मार्लिन्सकडून खेळले आणि २०१८ मध्ये सिअ‍ॅटलला परतले. अमेरिकेत एकूण ३०८९ हिट, त्यांत होम रन फक्त ११७. २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीसाठी) ३९४ पैकी ३९३ मते त्यांना मिळाली.

त्यांचा शेवटचा सामना २१ मार्च २०१९ रोजी टोकियो डोममध्ये झाला. आठव्या डावात पंचेचाळीस वर्षांच्या इचिरो यांनी मारलेला चेंडू जमिनीवरून थेट शॉर्टस्टॉपकडे गेला. ते जीव तोडून धावले, आणि फेक त्यांच्या किंचित आधी पोहोचली.