पंख्याचा आवाज असलेला टेक

चि. गाणाऱ्या मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी सहाही गाणी ऐकली. एकदा हेडफोन लावून आणि एकदा कणीक मळताना, मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून. दुसरी परीक्षा जास्त कडक. कुकरच्या शिट्टीतूनही जे गाणं मान वर करायला लावतं, ते जमलेलं. चौथ्याने मान वर करायला लावली. बाकीची पाच छान आहेत. कोरसमध्ये तीस वर्षं उभं राहिलेली बाई एखाद्या गाण्याला 'छान' म्हणते तेव्हा काय समजायचं, हे तुला एव्हाना कळलं असेल.

मार्चमध्ये तू मला तिसऱ्या गाण्याची व्हॉइस नोट पाठवली होतीस. रात्री एक वाजता. वर पंखा घरघरतोय, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला तुझा दम संपतो आणि 'घर' मधला 'र' नुसता हवेत विरतो. ती मी अजून जपून ठेवली आहे. परवा आलेल्या पक्क्या ट्रॅकमध्ये तोच 'र' ठणठणीत आहे, सूर सुईसारखा सरळ आहे, मागे चार गिटारी आहेत आणि ते घर आता कुणाचंही असू शकतं. किती टेक झाले विचारलं तर म्हणालीस, चाळीसेक.

तुझ्या पत्रात तीन रडगाणी आहेत. पहिला अल्बम कुणी ऐकला नाही. लोक अजून 'ती टीव्हीवरच्या स्पर्धेतली पोर' म्हणतात. आणि तुझी वाद्यं बसवणारा अरेंजर म्हणतो, व्होकल, म्हणजे गळा, अजून घासायला हवा. तिन्हींवर उतारा म्हणून एकच गोष्ट सांगते. आपल्याकडची नाही, कॅनडातल्या एका मुलीची आहे.

ॲलानिस मॉरिसेट हे नाव तुझ्या कानावर असेल. ओटावाची. शाळेत असतानाच मुलांच्या टीव्ही मालिकेत झळकलेली. १९९१ साली, सतरा पूर्ण व्हायच्या आधी, तिचा पहिला अल्बम आला. नाचायची, झगमगीत गाणी, फुगवलेले केस. कॅनडात लाखभर प्रती गेल्या. पुढच्या वर्षी दुसरा आला आणि बराच कमी खपला. कंपनीचा करार संपला, पुढचा झाला नाही. अठराव्या वर्षी ही पोर माजी बालकलाकार आणि माजी पॉप गायिका, दोन्ही होऊन बसली होती. तुझा पहिला अल्बम निदान पडला तरी कुणाला कळलं नाही. तिचा दुसरा सगळ्या देशासमोर पडला.

ती आधी टोरांटोला गेली, मग लॉस एंजेलिसला. याच्याबरोबर गाणं लिहून बघ, त्याच्याबरोबर बघ, असं बरंच झालं. १९९४ मध्ये तिला ग्लेन बॅलर्ड भेटला. हा चाळिशीचा, मुरलेला माणूस. मायकल जॅक्सनच्या 'मॅन इन द मिरर'चा एक गीतकार. त्याच्या हातात बाजारात चालणाऱ्या गाण्याचे सगळे साचे तयार होते. तरी त्याने एकोणीस वर्षांच्या मुलीला साच्यात बसवलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. ती बोलायची, वहीत लिहायची, हा गिटार किंवा कीबोर्ड घेऊन शेजारी बसायचा.

लॉस एंजेलिसच्या एन्सिनो भागात त्याचा घरचा स्टुडिओ होता. तिथे दोघांनी नेम ठरवला: एका दिवसात एक गाणं. सकाळी काहीच नसायचं. बारा-चौदा-सोळा तास बसायचे आणि रात्री झोपायच्या आधी गाणं लिहून, चाल बसवून, गाऊन टेपवर असायचं. दिवसभर डोकं शिजलेलं, आवाज थकलेला, शब्द ताजे, आणि त्या अवस्थेत एक किंवा दोन टेक. हे डमी, म्हणजे कच्चा नमुना, म्हणून केलेलं. पुढे खऱ्या व्होकलची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की खरं हेच आहे. तेच गळे 'जॅगेड लिटल पिल' या अल्बमवर गेले.

त्यातलं 'यू ऑटा नो' लाव आणि पहिली ओळ ऐक. मागे जवळजवळ काही नाही, एक हलका ठेका आणि ती. दातांमधून बोलल्यासारखं गाते. सोडून गेलेल्या माणसाला आधी अगदी सभ्यपणे शुभेच्छा देते. तुला वाटतं, बाई समजूतदार आहे. मग घास गिळून पुढची ओळ येते आणि हळूहळू ताटातलं सगळं जमिनीवर. श्वास ऐकू येतात, आवाज कडेला फाटतो. आपल्या कुठल्याही रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून हात वर करून 'ताई, वन मोर' म्हटलं असतं.

त्या गाण्यात बेस वाजवलाय फ्लीने आणि गिटार डेव्ह नवारोने. दोघेही तेव्हा रेड हॉट चिली पेपर्समधले, भलती नावाजलेली माणसं. पण ते आले नंतर. आवाज आधीच टेपवर होता, त्यांनी त्या आवाजाभोवती वाजवलं. तुझ्या अरेंजरने उलटं केलंय. ट्रॅक पूर्ण बांधला, इंच इंच भरला आणि मग तुला म्हणाला, आता यात गा. भाड्याच्या खोलीत गेल्यासारखी गातेस तू त्यात. खिळा कुठे ठोकावा याचीही भीती. पुढच्या गाण्याला आधी तू आणि तुझी गिटार घ्या. मग ढोल येवो नाही तर व्हायोलिन, येणाऱ्याने तुझ्या श्वासाकडे बघून यावं. हेडफोनमधल्या ठेक्याच्या क्लिकपासून तू थोडी सरकलीस तर सरक.

आता लगेच 'कच्चं तेच खरं' असा झेंडा घेऊन निघू नकोस. तो एका टेकचा गळा कित्येक वर्षं माइकपुढे घासलेला होता. कॅमेऱ्याची भीती गेलेली, माइकपासून तोंड किती लांब धरायचं हे अंगात भिनलेलं, नकली गाणी गाऊन झाल्यामुळे नकली कुठे सुरू होतं हे ओठांना कळलेलं. ज्या पहिल्या दोन अल्बमची तिला लोकांनी पुढे लाज काढली, तिची शाळा तीच होती. टीव्हीवरच्या स्पर्धेत दर आठवड्याला वेगळ्या पट्टीत, वेगळ्या गाण्यात तू उभी राहिलीस, फराळाच्या जाहिरातीसारखा घागरा घालून का होईना. त्याची लाज कसली वाटते तुला? त्या वेळी घेतलेल्या ताना आता वापरायच्या नाहीत एवढंच. पण गळ्याखाली त्या असू देत.

माझं एक सांगते. ते मी फारसं कुणाला सांगत नाही.

तुझ्याएवढी असताना मीही स्वतःच्या चाली केल्या होत्या. आठ गाण्यांची कॅसेट निघणार होती. तेव्हा टेप महाग आणि ट्रॅक मोजके. वाद्यं भरून झाल्यावर माझ्या गळ्यासाठी एकच ट्रॅक उरला होता. एकच ट्रॅक म्हणजे काय, ते तुझ्या पिढीला कळायचं नाही. नवा टेक घ्यायचा तर जुन्यावरच घ्यायचा. नवा आला की जुना पुसला. पाचव्या गाण्याचा पहिला टेक मी संध्याकाळी सातला गायले. वरच्या षड्जावर आवाज किंचित चिरला. रेकॉर्डिस्ट वयस्कर होते, कधी कुणाला बरं न म्हणणारे. ते म्हणाले, "बाई, राहू द्या हा." मी नाही म्हटलं. माझा हट्ट. सतरा टेक झाले. शेवटच्यात एक चीर नाही. कॅसेट आली, आठवडाभरात मी ती ऐकणं बंद केलं. पाचवं गाणं लागलं की अजून सातचा तो टेक शोधत बसते, आणि तो या जगात कुठेही नाही.

तुझं बरं आहे. तुझं काही पुसलं जात नाही. तू नुसतं डिलीट करू नकोस.

१९९६ च्या सुमारास काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून मी ॲलानिसची कॅसेट घेतली, 'जॅगेड लिटल पिल'. एका दिवसाच्या कोरसचे पैसे त्यात गेले. घरी सगळे हसले, कारण मला इंग्रजी धड कळत नव्हतं. शब्दांसाठी कॅसेटमधला कागद आणि डिक्शनरी घेऊन बसले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, ती वस्तूंची नावं घेते. 'आयरॉनिक' मध्ये दारूच्या पेल्यात पडलेली माशी आहे, सुरी हवी असताना सापडणारे हजारो चमचे आहेत. तुझ्या दुसऱ्या गाण्यात 'श्वास', 'विश्वास', 'आभास' आणि 'प्रवास' आहेत. मुली, चारही खोडून टाक. त्या मुलाच्या खोलीत काय काय होतं ते लिही. इस्त्रीचे कपडे होते का? मेसचा डबा?

दुसरी गोष्ट, ती शब्दावर भलत्याच ठिकाणी जोर देते. नको तिथे अक्षर ताणते, ओळीत मावत नाहीत एवढे शब्द कोंबते आणि तरी बोलणं अडत नाही. मात्र आपल्या भाषेत हे जपून कर. ऱ्हस्वाचं दीर्घ झालं की मराठी कान लगेच दुखतो. पण बोलताना तू जिथे थांबतेस तिथेच गाण्यात थांबलीस, तर मीटरचं अर्धं भांडण मिटेल.

आता लोकांनी काय केलं, ते. आधी कंपन्यांनी दारं लावली. मग मॅडोनाने भागीदारीत सुरू केलेल्या मॅव्हरिक कंपनीतल्या गाय ओसेरी नावाच्या अगदी तरुण मुलाला गाणी आवडली. १३ जून १९९५ ला अल्बम आला. कंपनीलाही फार आशा नव्हती. पुढचा अल्बम काढण्याइतका खपला तरी पुरे, असा हिशोब. मग लॉस एंजेलिसच्या केरॉक या रेडिओ केंद्राने 'यू ऑटा नो' वाजवायला घेतलं आणि फोन सुरू झाले. ऑक्टोबरात अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिला. एकूण १२ आठवडे तिथे. १९९६ च्या फेब्रुवारीत चार ग्रॅमी, त्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बमही. वय २१. जगभरात ३ कोटी ३० लाखांच्या वर प्रती गेल्या. हे आकडे तुझ्यासाठी नाहीत. लॉटरी लागलेल्याला नंबर विचारून काय करायचं? वाजवणारं केंद्र भेटलं नसतं तरी त्या रात्रींचे टेक तेच राहिले असते, एवढं फक्त बघ.

नाव झाल्यावर काय झालं ते जास्त उपयोगाचं. 'रोलिंग स्टोन'ने मुखपृष्ठावर तिला 'संतापलेली गोरी बाई' करून टाकलं. बारा गाण्यांत एक-दोन रागाची. बाकी प्रेमाची आहेत, गोंधळाची आहेत, 'परफेक्ट' मध्ये तर आईबापच मुलाशी बोलतात: पहिला ये, मग आम्ही माया करू. ते गाणं ऐकताना मला आपल्याकडची दहावीची घरं आठवतात. पण बाईचा आवाज एकदा चढला की बाकीची गाणी कोण मोजतं! कुणी जुने व्हिडिओ उकरून काढले, म्हणाले ही बनावट, कालपर्यंत तर नाचत होती. कुणी सगळं श्रेय बॅलर्डला दिलं. आणि पंडितांनी तर कहर केला: 'आयरॉनिक' मधल्या एकाही उदाहरणात आयरनी, म्हणजे उपरोध, नाही, ही नुसती वाईट नशिबाची यादी. वर्षानुवर्षं हा विनोद चालला, शेवटी तीही त्यात हसायला लागली. मराठीत हा वादच झाला नसता. लग्नाच्या दिवशी पाऊस, आयुष्यभर विमानाला घाबरलेल्या माणसाचं पहिलंच विमान पडणं, याला आपली आजी दैवदुर्विलास म्हणून मोकळी झाली असती.

त्या गाण्याचा व्हिडिओ चॅनल व्हीवर सारखा लागायचा. बर्फातून एक मोठी गाडी चालली आहे, चालवते ती, शेजारी तीच, मागच्या सीटवरही तीच. वेगवेगळे स्वेटर घातलेल्या ॲलानिस एकमेकींकडे बघून हसतात, गातात. तुला कुणी 'स्पर्धेतली पोर' म्हटलं की तो व्हिडिओ बघ. त्या पोरीलाही गाडीत बसव, खिडकीची जागा दे हवं तर. स्टिअरिंग देऊ नकोस.

दीड वर्षाच्या दौऱ्याने ती पार थकली. मग सगळं थांबवलं आणि भारतात येऊन राहिली. १९९८ च्या पुढच्या अल्बममधल्या 'थँक यू' मध्ये तिने ज्यांचे आभार मानले त्या यादीत भारतही आहे. तो अल्बम लांबलचक, सतरा गाण्यांचा, आधीच्यासारखा अजिबात नसलेला. आधीच्याच्या मानाने खूपच कमी खपला. मला तो आवडतो. त्यातली चार गाणी कापायला हवी होती, हेही खरं.

असो. रविवारी दुपारी ये, चारनंतर. पक्के ट्रॅक आणू नकोस, लॅपटॉप नको, अरेंजरला नको. मार्चमधली ती मूळ फाइल आण, व्हॉट्सअपवरून गेलेली नको, फोनमध्ये आहे तीच. नवी गिटारही आणू नकोस, ती तारा गंजलेली जुनीच आण. तिसऱ्या गाण्याची दुसरी ओळ तुला बसवून बोलायला लावणार आहे, गायला नाही. पंखा मी चालूच ठेवीन.

दाराची बेल बिघडली आहे, कडी वाजव.

तुझी
ताई